यमुनाकाकींचा बाथरोब

माणूस सगळ्यात लाचार कधी असतो, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, अंग ओलं असताना. अंगावरून पाणी निथळतंय, बाहेर पाहुणे येऊन बसलेत आणि कपडे मात्र बाहेरच्याच खुर्चीवर राहिलेत. अशा वेळी कलेक्टर आणि कलिंगडवाला यांच्यात काडीचा फरक उरत नाही. दोघंही दाराला चार बोटांची फट पाडतात आणि अगदी मवाळ आवाजात एकच वाक्य म्हणतात, "अगं, ते जरा इकडे दे ना."

या वाक्यावर माझं घर चालतं.

पेणच्या बाजारात आमचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. सासऱ्यांनी पंचे विकले, नवऱ्याने टॉवेल विकले आणि मी, रोह्याची मंदा, लग्न होऊन इथे आले आणि बाथरोब विकायला लागले. पहिला बाथरोब दुकानाच्या दारात टांगला तेव्हा शेजारचे भांडीवाले बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, वकिलांचा कोट पांढरा कधीपासून झाला?"

लोक यायचे, हात लावायचे, "हे काय असतं?" विचारायचे. मी तो साडीवरच चढवायची आणि सगळा प्रवेश करून दाखवायची. बाथरूमचं दार उघडलं, बेल वाजली, आपण रुबाबात गेलो, कुरियर घेतलं, सही केली, चहाचा कप उचलला, आणि मग सावकाश जाऊन कपडे घातले. गिऱ्हाईक खूश होऊन टाळ्या वाजवायचं आणि पंचा घेऊन जायचं. नवरा गल्ल्यावर मान खाली घालून बसायचा. आमच्यातली वाटणी तेव्हापासून ठरलेली आहे. नाटक माझं, गल्ला त्याचा.

हळूहळू विकत घेणारेही आले. कोलाडकडच्या रिसॉर्टवाल्यांना लागायला लागले, नवऱ्या मुलींच्या बॅगेत एक जायला लागला, नागोठण्याकडच्या कंपनीच्या क्वार्टर्समधून बायका यायला लागल्या. तिकडचे एक साहेब एकदा पिशवीतून एक बाथरोब काढून म्हणाले, "हुबेहूब असा हवा." खिशावर एका मोठ्या हॉटेलचं नाव भरतकामात होतं. मी त्या नावाकडे पाहिलं, त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, कापड मिळेल. नाव तेवढं तुमचं घालू का?" ते साहेब अजून येतात. पंख्याकडे बघायची सवय गेलेली नाही.

दुसरे आमच्या रोह्याचे एक हौशी नट. गावच्या नाटकात श्रीमंत बापाचं काम मिळालं होतं. श्रीमंत बाप म्हटला की गाऊन आलाच. मी लाख सांगितलं, ती जांभळी फ्लीस घेऊ नका, ती थंड हवेच्या गावाची आहे. पण रंग त्यांच्या मनात भरला. दुसऱ्या अंकापर्यंत घामाने मिशी ओघळून हनुवटीवर आली आणि मुलीला घराबाहेर काढण्याच्या प्रसंगात बापच आधी बाहेर पळाला. प्रेक्षकांना वाटलं, बापाला पश्चात्ताप झाला. नाटकाला बक्षीस मिळालं म्हणतात.

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण बाथरोब घेताना शहाणी माणसंसुद्धा रंग बघतात. रंग शेवटी बघायचा. आधी कापड.

टॉवेलचं कापड म्हणजे टेरी. त्याच्या अंगावर सुताचे बारीक फासे असतात आणि ते फासे पाणी पितात. फासे जितके दाट, तितकं कापड जड, तितकं ते जास्त पाणी पिणार आणि वाळायला तितकाच उशीर लावणार. हेच फासे वरून कापून टाकले की मखमलीसारखं व्हेलूर होतं. दिसायला राजेशाही, पण पाणी पिण्यात जरा आळशी. वॉफल म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चौकोनी घरं विणलेलं सुती कापड. हलकं, पटकन वाळणारं, दिसायला साधं. दुकानात त्याच्याकडे कोणी पहिल्यांदा बघत नाही. दुपदरी मलमल वैशाखासाठी. फ्लीस हा प्लास्टिकच्या धाग्याचा कारभार, ऊब देतो, पाणी पीत नाही. आपल्याकडे तो घालून बसलं तर माणसाचा मोदक होतो. साटीन फोटोसाठी.

तळहाताने कापड पारखू नका. आपल्या तळहातांनी जन्मभर भांडी घासलेली असतात, ते काय सांगणार. दंडाची आतली बाजू लावून बघा, नाहीतर मानेला मागून. पाण्याचा एक थेंब टाका. लगेच मुरला तर कापड आपलं. थेंब गोळी होऊन बसला तर ते परकं. आणि काळ्या कपड्यावर एकदा घासून बघा. पांढरी लव मागे राहिली तर तो घरी नेल्यावर आधी धुवायचा, मग अंगाला लावायचा. ही शेवटची परीक्षा मी पूर्वी नुसती बोलून दाखवायची. तिचं महत्त्व मला कळलं हमरापुरात, यमुनाकाकींमुळे.

हमरापूर पेणपासून जवळच. तिथे गणपती घरोघर होतात, आणि ज्या घरात गणपती होतात त्या घराला कारखाना म्हणतात. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंगवणं ही कामं अनेकांना येतात. डोळे काढणं मोजक्यांना येतं. त्याला आखणी म्हणतात. बारीक कुंचल्याने पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यात प्रकाशाचा ठिपका, आणि शेवटी डोळा चमकावा म्हणून पारदर्शक वॉर्निशचा हात. रेघ एका दमात ओढायची असते. हात मध्ये थांबला तर बाप्पा झोपलेला तरी दिसतो, नाहीतर रागावलेला तरी.

यमुनाकाकी त्यांच्या कारखान्यात सून म्हणून आल्यापासून आखणी करत होत्या. आमच्या घरचा गणपती त्यांच्याच हातचा. मूर्ती कोणतीही घ्या, डोळे त्यांचे असले की ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटतं, आणि आपण सकाळी काय केलं ते तिला माहीत आहे असंही वाटतं.

त्या वर्षी काकींना चिकनगुनिया झाला. ताप गेला, बोटांचे सांधे धरून राहिले. आषाढात, पाऊस मी म्हणत होता तेव्हा, त्यांची सून रेश्मा भिजत दुकानात आली. छत्री मिटायच्या आधीच बोलायला लागली.

"मंदाताई, आईंसाठी तो आंघोळीनंतरचा झगा पायजे."

"काकींना? बाथरोब?" मला आनंदच झाला. "कोण येणार आहे बघायला?"

"चेष्टा नको ओ. ऐका तर." ती स्टुलावर टेकली. "आईंची बोटं सकाळी लाकडासारखी असतात. कडकडीत पाण्यानं आंघोळ केली की सुटतात. चांगला तासभर हात हलका असतो. पण मग पोलक्याचे हूक लावा, निऱ्या घाला, त्यात ती बोटं परत धरतात. मी नेसवते म्हटलं तर त्या ऐकत नाहीत. आंघोळ झाली की तशाच उबेत कामाला बसता आलं पायजे."

"आणि नाही जमलं तर?"

रेश्माने छत्रीचं पाणी झटकलं. "हे आखणी बाहेर देनार. पलीकडच्या आळीतल्या एकाला विचारून ठेवलंय. आईंच्या कानावर गेलं. त्या म्हनाल्या, माझ्या गणपतीचे डोळे दुसऱ्यानं काढले तर मी कारखान्यात पाय ठेवनार नाय."

काकींना मी ओळखत होते. त्या असं म्हणाल्या म्हणजे ठेवणार नव्हत्या.

मी वॉफल काढायला वर चढले, तेवढ्यात रेश्माचा नवरा दत्ता गाडी लावून आत आला. दत्ता कारखाना चालवतो. मनाने चांगला, पण कापडातलं त्याला एवढंच कळतं की जाड ते भारी. त्याने वॉफलला दोन बोटं लावली. "हे काय, पुरनाच्या चाळनीसारखं? आईला भारीतला दे, ताई. तो दाखव, ससा वाटतो तो."

तो सशासारखा म्हणजे दाट फाशांचा टेरी, कोरा करकरीत. वर त्याच्याबरोबर डोकं बांधायचा टॉवेल फुकट. मी म्हटलं, "दत्ता, हा आधी दोन-तीनदा धुवावा लागेल. लव सोडतो."

"पावसात धुऊन वाळवू कधी? गणपती बसल्यावर?"

मुद्दा बिनतोड होता. ससा हमरापुरात गेला.

दोन दिवसांनी सकाळी दत्ताचा फोन. "ताई, बाप्पाच्या डोळ्यात केस आलेत."

मी गेले. पडवीत फळ्यांवर पांढरे, बिनडोळ्यांचे गणपती ओळीने बसलेले, आणि त्यांच्यामध्ये पाटावर, सशाच्या झग्यात, डोक्याला तो फुकटचा टॉवेल बांधून यमुनाकाकी. समोर वीतभर उंचीची एक मूर्ती. डोळे इतके सुरेख उतरले होते की मी क्षणभर बाकीचं विसरले. मग जवळून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या खालच्या कडेला, वॉर्निश ओलं असतानाच पांढऱ्या लवेचा एक तंतू चिकटून वाळला होता. काकींच्या मांडीवर, पाटावर, रंगाच्या वाट्यांत, सगळीकडे लव.

"काय गो मंदा," काकी म्हणाल्या, "झगा दिलास का सावरीचं झाड?"

मी जमेल तेवढा गंभीर चेहरा केला. "काकी, हात कसा आहे?"

त्यांनी बोटं उघडून मिटून दाखवली. "हात हाय. ऊब लागली तर हात हाय." आणि त्या स्वतःशीच हसल्या. तेवढ्यासाठी तरी सशाचे आभार मानायला हवेत, कारण रेश्माची कल्पना बरोबर होती हे त्याने सिद्ध केलं. पण तो संध्याकाळपर्यंत वाळेना, दुसऱ्या सकाळपर्यंतही वाळेना. चुलीवर टांगला तर त्याला भिजलेल्या म्हशीचा वास यायला लागला. मी फर्मान काढलं, टेरी बंद. झगा बंद आणि डोक्याचा टॉवेलही बंद. कारखान्यात टॉवेलचं सूतसुद्धा नको. हे फर्मान नीट लक्षात ठेवा.

मी नवा शिवून देईपर्यंत रेश्माने फोनवरून एक साटीनचा मागवला. गुलाबी, पाठीवर सोनेरी अक्षरांत काहीतरी नवरीबद्दल लिहिलेलं. तो ओल्या अंगाला गार पत्र्यासारखा चिकटला आणि खांद्यावरून घसरायला लागला. काकी न्हाणीतून पडवीपर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. मधूनच मागे वळल्या. म्हणाल्या, "ह्यो झगा माझ्या अंगावर नाय, माझ्या अंगावरून चाललाय."

मग मी बसले मशीनवर. दुकानाचं काम नवऱ्यावर टाकलं आणि जन्मातला सगळ्यात देखणा बाथरोब शिवला. वॉफलचं कापड आधी चार वेळा धुतलं, माझ्या काळ्या परकरावर घासून पाहिलं, एक तंतू मागे राहिला नाही. खांदे आणि पाठ यांना आतून फ्लॅनेलची जोड दिली, लवेची बाजू दोन थरांच्या मध्ये बंद, म्हणजे ऊब राहील आणि बाहेर काही पडणार नाही. बाही कोपरापर्यंत, म्हणजे रंगात बुडणार नाही. धरलेल्या बोटांनी गाठ कशी मारणार, म्हणून पट्ट्याला एका टोकाला रुंद कडी लावली. टोक कडीतून ओढलं की झालं. आत बांधायला अजून एक जाड बंद, म्हणजे बसताना पुढून उघडायची भीती नाही. पंख्याखाली दुपारपर्यंत वाळणारा. नवऱ्याने तो हातात घेतला आणि पहिल्यांदाच गल्ल्यावरून म्हणाला, "मंदा, हा मलाच शिव एक."

बाथरोब हमरापूरला पोचला. मी टाळ्यांची वाट बघत बसले.

फोन रेश्माचा आला. "झगा फार छान बसलाय, ताई. ऊब हाय, हलका हाय, घसरत नाय. आई खूश हायेत."

"मग आवाज असा का?"

"त्या आखणीला बसत नायत."

म्हणजे बसत होत्या. आंघोळ करून येत होत्या, पाटावर बसत होत्या, कुंचला उचलत होत्या आणि खाली ठेवत होत्या. "आज नको," एवढंच म्हणत होत्या. अशा तीन-चार सकाळी गेल्या. तासभराची ऊब उडून जायची, बोटं परत लाकडासारखी व्हायची. दत्ताने फोन घेतला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "ताई, आईचा हात गेलाय. तिला कबूल करायचं नाय, म्हनून झग्याचं निमित्त झालं. मी त्या पोराला परवापासून बोलावलंय. लोकांना गणपती वेळेवर द्यायला पायजेत ना."

त्याचंही चुकत नव्हतं. डोळ्यांवाचून गणपती कोणी घरी नेत नाही.

पण हात गेलेला माणूस कुंचला उचलतच नाही, असं मला वाटत राहिलं. मी नाटकातली बाई. दुसऱ्याने सांगितलेल्या प्रवेशावर माझा विश्वास नसतो, मला तो डोळ्यांनी बघावा लागतो. दुसऱ्या सकाळी काकींच्या आंघोळीच्या वेळेला मी पडवीत हजर झाले आणि एका मोठ्या मूर्तीच्या मागे स्टूल टाकून बसले.

काकी आल्या. अंगातून वाफ निघत होती. काम करणारी माणसं आपोआप पाठमोरी झाली, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. बाथरोब त्यांना असा शोभत होता की मला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. त्या पाटावर टेकल्या. केस नुकतेच विंचरलेले, चप्प बसवून बारीक अंबाडा घातलेला. उजव्या हातात कुंचला घेतला, रंगात टेकवला, टोक वाटीच्या कडेला निरपलं. हात स्थिर होता. कुंचल्याचं टोक हवेत जराही हललं नाही.

आणि मग डावा हात वर गेला. खांद्यामागे गेला, मानेपाशी काहीतरी चाचपलं, तसाच कानावरून पुढे आला, आणि रिकामा खाली आला. त्या थांबल्या. परत तोच हात तसाच मागे गेला, तसाच रिकामा आला. काकींनी कुंचला खाली ठेवला.

"आज नको," त्या म्हणाल्या.

ही हालचाल मी माझ्या सासूबाईंना दिवा लावताना रोज करताना पाहिली होती. मी मूर्तीमागून बाहेर आले.

"काकी, पदर शोधताय?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगावरच्या झग्याकडे.

"सासूनं शिकवलेलं," त्या हळू म्हणाल्या. "आपन ज्याचे डोळे उघडतो, तो उघडल्या उघडल्या पयलं आपल्यालाच बघतो. तवा डोकं झाकलेलं पायजे. सगळी करतात का नाय मला ठाव नाय. आमच्या घरात करतात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू. एवढी धडपड केली सगळ्यांनी. सून पावसात भिजत गेली. तू चांगला झगा शिवलास. आनी म्हातारीनं म्हनायचं, पदर लावून द्या त्याला?"

"पण त्या सशाच्या झग्यात तर आखला होतास एक," दत्ता म्हणाला.

उत्तर माझ्याकडे होतं. त्या दिवशी काकींनी डोक्यावरून आंघोळ केली होती आणि डोक्याला टॉवेल बांधलेला होता. डोकं झाकलेलं होतं. तो टॉवेल काढून टाकायचं फर्मान कोणी काढलं होतं, हे मी तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलंच होतं.

रेश्मा तोवर आत जाऊन आपली ओढणी घेऊन आली होती. काकींनी ती डोक्यावर घेतली, पण चप्प बसवलेल्या केसांवरून ती सरकायची, आणि सावरायला डावा हात लागायचा. डाव्या हाताने मूर्ती फिरवायची असते.

"आईसाठी त्या लहान पोरांच्या झग्यासारखी टोपी नाय लावता येनार?" दत्ताने विचारलं. जाड ते भारी म्हणणाऱ्या दत्ताने. मी त्याच्याकडे आदराने पाहिलं. टोपीचा बाथरोब माझ्याकडे होताच, लहान मुलांचा, सशाच्या लांब कानांसकट. मी म्हटलं, "काकी, कान ठेवू की काढू?"

"ठेव गो," काकी म्हणाल्या. "बाप्पाचे कान मोठे, माझे लांब. दोघांची जोडी बरी दिसंल."

कान अर्थातच काढले. टोपी मोठ्या मापाने परत बेतली. अंबाडा आत मावला पाहिजे, पुढची कड भांगापर्यंत आली पाहिजे, पण डोळ्यांच्या बाजूला आड येता कामा नये. ती मागून नुसती लोंबत ठेवली नाही. झग्याच्या गळ्यालाच पक्की शिवली, म्हणजे आंघोळीनंतर झगा चढवतानाच एका हाताने वर ओढता येईल आणि मग सरकणार नाही. कडेला मी हिरवा काठ लावला.

"काठ कशाला?" काकींनी विचारलं.

"पदराला काठ नको?"

त्यांनी काठावरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या सकाळी मी परत गेले. या वेळी स्टूल लपवायची गरज नव्हती. दत्ताने बाहेरच्या आखणीवाल्याला अजून नको म्हटलेलं नव्हतं, तो दुपारी येणार होता. दत्ता कोपऱ्यात एक मूर्ती घासत होता. ती मूर्ती कधीचीच घासून झाली होती हे मलासुद्धा दिसत होतं.

काकी आल्या. हिरव्या काठाची पांढरी टोपी भांगापर्यंत. पाटावर बसल्या. डावा हात सवयीने वर गेला, काठाला लागला, तिथे क्षणभर टेकला आणि खाली येऊन मूर्तीच्या गालाशी थांबला. उजव्या हाताने कुंचला उचलला. त्यांनी श्वास आत घेतला आणि रेघ ओढली. डाव्या डोळ्याची वरची पापणी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एका दमात. मग खालची. मग दुसरा डोळा. बुबुळं. प्रकाशाचे ठिपके देताना त्या इतक्या पुढे वाकल्या की टोपीची कड आणि बाप्पाचा मुकुट एकमेकांना टेकतील असं वाटलं.

ठिपका पडला आणि मातीचा गोळा आमच्याकडे बघायला लागला. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली, काही केली, पण पडदा वर जाण्याचा असा क्षण मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कोणी टाळी वाजवली नाही. वाजवली असती तर शोभली नसती.

काकींनी कुंचला पाण्यात फिरवला.

"बसलास काय दत्त्या," त्या मागे न बघता म्हणाल्या. "ऊब जाते अंगातली. पुढचा आन."

दत्ता उठला. पुढचा गणपती त्याने स्वतः उचलून आणला, आणि त्याच्या पुढचाही. दुपारी आखणीवाला आला तेव्हा त्याला चहा दिला आणि शेजारच्या कारखान्यात काम बघून दिलं.

सगळं जादूसारखं झालं असं मी म्हणणार नाही. तासभराच्या उबेत होतील तेवढेच होत होते. मोठे आणि जुन्या गिऱ्हाइकांचे गणपती काकींनी केले. लहान मूर्तींसाठी त्यांनी रेश्माला शेजारी बसवलं. रेश्माने कुर्त्यावर ओढणी घेतली आणि ती पिनेने पक्की केली, कोणी न सांगता. पहिले दोन-तीन बाप्पा जरा दचकल्यासारखे दिसले म्हणतात. ते कोणाच्या घरी गेले ते दत्ता सांगत नाही.

आता खंत एवढीच की सांधे काही सुटत नाहीत. दर वर्षी सकाळचा तो तास थोडा आखडतो आहे. कापडाने माणसाला ऊब देता येते, वय मागे नेता येत नाही. पण काकी अजून त्याच झग्यात बसतात. कोपरांशी तो विरळ झाला आहे, मी नवा शिवून देते म्हटलं तर म्हणतात, "ह्याला आता माझं डोकं कळतंय. नव्याला परत शिकवत बसू?" बाथरोबची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. चांगलं कापड अंगावर आहे हे कळत नाही. नसलं की हात वर जाऊन शोधतो.

त्या वर्षी आमचा गणपती आणायला मी आणि नवरा हमरापूरला गेलो. आमची मूर्ती दरवर्षी ठरलेली असते, फळीच्या कोपऱ्यात. तिथे ती नव्हती. काकी आत गेल्या आणि एक वीतभर मूर्ती घेऊन बाहेर आल्या. तीच. उजव्या डोळ्यात माझ्या सशाचा तंतू असलेली.

"ह्यो तुझा," काकी म्हणाल्या. "दत्त्या चिमट्यानं काढायला निघालेला. मी म्हटलं, हात लावू नको, ज्याचा कापूस त्याच्या घरी जाऊ दे."

"आणि मी तुम्हाला केवढा झगा शिवून दिला, काकी."

"त्याच्यासाठीच देते. न्हेऊन बसव, आनी रोज त्यालाच विचार, टॉवेल धुऊन विकायचा का तसाच."

आम्ही बसवला. संध्याकाळी समई लावली आणि माझ्या लक्षात आलं, वॉर्निशखालचा तो तंतू उजेड धरतो. खालच्या पापणीच्या कडेला बारीक ओली रेघ चमकत होती. जणू आत्ताच काहीतरी ऐकून बाप्पाला भरून आलं होतं. आरतीला आलेल्या बायका हात जोडता जोडता थांबत होत्या. "यंदा डोळे कसे पाण्याने भरल्यासारखे आहेत गं मंदा," जी ती म्हणत होती. एरवी मी लगेच सगळा प्रवेश सुरू केला असता, सशापासून सावरीपर्यंत. त्या दिवशी मला सुचेना.

टॉवेलवाल्याचं घर. दारापासून माळ्यापर्यंत टॉवेलच टॉवेल. पण ते डोळे पुसावेत असं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.